‘बोलेल ना, घाई कायची?’

तान्ह्या पोळ्याची संध्याकाळ. नागपूरच्या महाल भागात, बहिणीच्या गल्लीत लहान पोट्टी धोतर नेसून, गंध लावून, लाकडी नंदी ओढत घरोघरी बोजारा मागत फिरत होती. माझा भाचा तेव्हा दोन वर्षं दोन महिन्यांचा. त्याच्याही हातात दोरी दिली. त्याने ती सोडली, नंदी उलटा केला आणि ओट्यावर बसून त्याचं एक चाक बोटाने फिरवत राहिला. थांबलं की पुन्हा. डोळा चाकाला लागेल इतक्या जवळून. वीस मिनिटं तरी. “पोट्टं मेकॅनिक होते पाहा,” त्याची आजी म्हणाली. मी तीनदा नावाने हाक मारली, मान वळली नाही. ऐकू येत नसेल म्हणावं, तर दुपारी मारबतीच्या मिरवणुकीचे ढोल गल्लीच्या तोंडाशी वाजले तेव्हा त्याने दोन्ही कान गच्च दाबून धरले होते.

रात्री ओटा आवरताना बहीण हळूच म्हणाली, “ताई, अजून एक शब्द नाही गं याचा.” सासूबाईंच्या कानावर गेलंच. “बोलेल ना, घाई कायची करू राहिली? याचा बाप तीन वर्षांचा होऊन बोलला.” विषय तिथेच संपला. पुढे ज्या डॉक्टरांना दाखवलं त्यांनीही हेच सांगितलं, तीन वर्षं होऊ द्या, मग बघू. आमचे आठ महिने त्यात गेले.

मी डॉक्टर नाही, आरोग्यावर लिहिते. त्या आठ महिन्यांत नेमकं काय गेलं हे शोधायला लागले तेव्हा बरंच वाचलं, बऱ्याच लोकांना विचारलं. त्यातच २०२५ साली ऑटिझम हा शब्द घरोघरच्या व्हॉट्सॲपवर पोचला. एप्रिलमध्ये अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेने तिथल्या आठ वर्षांच्या दर ३१ मुलांमागे एकाला ऑटिझम असल्याचं सांगितलं. सप्टेंबरमध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी गरोदरपणातल्या पॅरासिटामॉलवर बोट ठेवलं. आमच्या फॅमिली ग्रुपवर दोन्ही बातम्या आल्या, आणि खाली एका काकांनी ‘लसींमुळे ऑटिझम होतो’ हा जुना मेसेज पुन्हा चिकटवला. म्हणून हा लेख.

## नावांचं ओझं आधी उतरवू

रिपोर्टवर ‘न्यूरोडेव्हलपमेंटल डिसॉर्डर’ लिहिलेलं दिसलं की घरातल्यांच्या पायाखालची जमीन सरकते. अर्थ एवढाच, की मेंदूची जडणघडण होत असतानाच, म्हणजे पोटात किंवा पहिल्या काही वर्षांत, तिने थोडी वेगळी वाट धरली. या एका नावात बरंच काही येतं. ऑटिझम, म्हणजे संवाद आणि माणसांत मिसळणं वेगळ्या रीतीने होणं, ज्याला मराठीत स्वमग्नता म्हणतात. (मला हा शब्द पटत नाही. ही मुलं स्वतःत मग्न नसतात, उलट बाहेरचं जग त्यांच्यावर जरा जास्तच आदळत असतं.) लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता, म्हणजे एडीएचडी. बौद्धिक अक्षमता. हातापायांच्या हालचालीवर परिणाम करणारी सेरेब्रल पाल्सी. शाळेत गेल्यावर लक्षात येणारी अध्ययन अक्षमता. एकाच मुलात दोन-तीन गोष्टी एकत्रही असतात. पुढे मी या सगळ्याला ‘विकासातला फरक’ म्हणेन.

हे तुरळक नाही. २०१८ साली भारतातल्या पाच ठिकाणच्या, दोन ते नऊ वर्षांच्या जवळपास चार हजार मुलांची घरोघरी जाऊन केलेली पाहणी प्रसिद्ध झाली. पलवल, कांगडा, ढेंकानाल, उत्तर गोवा आणि हैदराबाद. ऐकणं, दिसणं, फिट्स, बोलणं हे सगळं धरून नऊ प्रकारचे फरक तपासले, तर साधारण आठ मुलांमागे एकाला त्यांतला निदान एक तरी होता. महाराष्ट्र त्या यादीत नव्हता. पण आपल्याकडची मुलं काही वेगळ्या मातीची नाहीत.

## मैदानातल्या पायवाटा

पावसाळा संपल्यावर एखाद्या मोठ्या मैदानात जाऊन पाहा, कस्तुरचंद पार्क घ्या हवं तर. सगळीकडे गवत माजलेलं असतं. लोक जिथून रोज ये-जा करतात तिथे हळूहळू पायवाट पडते. ज्या वाटेने कुणी जात नाही तिच्यावर गवत परत येतं.

बाळाच्या मेंदूत असंच होतं, फक्त उलट्या टोकापासून. सुरुवातीला तिथे वाटाच वाटा असतात. शिकागोचे पीटर हटनलोकर यांनी मरणोत्तर मिळालेल्या मेंदूंचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पेशींमधले जोड अक्षरशः मोजले. १९७९ साली त्यांनी सांगितलं, की मेंदूच्या पुढच्या भागात एक-दोन वर्षांच्या मुलाचे जोड मोठ्या माणसापेक्षा जवळपास दीडपट दाट असतात. मग ते कमी होत जातात. ज्या जोडांवरून येणं-जाणं असतं ते पक्के होतात, बाकीचे गळतात. ही गळती म्हणजे नुकसान नव्हे, शिकण्याचाच तो एक भाग आहे. मात्र कुठल्या वाटा वापरात आहेत त्यावर पुढचं बरंच ठरतं.

आणि वेळेलाही किंमत आहे. संत्र्याच्या बागाइतदाराला हे सांगावं लागत नाही. आंबिया बहारासाठी हिवाळ्यात पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा आणि नेमक्या वेळी पाणी सोडायचं. तेच पाणी दोन महिने इकडेतिकडे झालं की बहार हातचा जातो. ह्युबेल आणि वीझल या दोन शास्त्रज्ञांनी मांजराच्या पिल्लांचा एक डोळा पहिले काही महिने शिवून बंद ठेवला. नंतर उघडला तर डोळा धडधाकट, पण मेंदू त्या डोळ्याकडून आलेलं वाचायला शिकलाच नव्हता. मोठ्या मांजराचा डोळा तसाच बंद ठेवला तर काहीच बिघडत नाही. या कामाला १९८१ चं नोबेल मिळालं.

## ट आणि त, आणि घरातल्या तीन भाषा

मला सगळ्यात जास्त आवडलेला प्रयोग आपल्या जिभेवरचा आहे. आपल्याला ‘टाळ’ आणि ‘ताल’ यांतले ट आणि त वेगळे ऐकू येतात. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसाला तो फरक कानाला लागतच नाही. कॅनडातल्या जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली दाखवलं, की इंग्रजी घरांतल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतले ट आणि त नीट वेगळे कळतात. दहा-बारा महिन्यांची होईतो तीच क्षमता बरीचशी गेलेली असते. घरात ट-त चा भेद कुणी करतच नाही, मग ती वाट बुजते. पहिला शब्द फुटण्याआधीच बाळाचा कान आपल्या माणसांच्या भाषेला जुळलेला असतो.

पुढचा प्रश्न: टीव्ही लावून ठेवला तर चालेल का? पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये अमेरिकन बाळांना चिनी ऐकवून बघितलं. समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून बाळांनी त्या भाषेतले आवाज उचलले. तोच मजकूर व्हिडिओवर दाखवला तर काहीही नाही. बाळाने ‘अ’ केलं, आईने ‘अगं हो का?’ केलं, बाळ पुन्हा काहीतरी म्हणालं, अशी टोलवाटोलवी लागते. पडदा नुसता टाकत राहतो, परतवत नाही.

आता नागपूरकडे या. घरात मराठी, आजीची वऱ्हाडी, खाली खेळायला गेलं की हिंदी, शाळेत इंग्रजी. बहिणीला एका केंद्रात सांगितलं, मुलाचा गोंधळ होतो, घरात फक्त इंग्रजी बोला. इंग्रजी तिला ऑफिसपुरतं येतं. आजीला अजिबात नाही. म्हणजे ज्या बाईच्या मांडीवर तो दिवसातले आठ तास असतो तिनेच गप्प बसायचं! दोन भाषा ऐकल्याने मूल बोलायला मागे पडतं याला संशोधनात आधार मिळत नाही, आणि ऑटिझम असलेल्या मुलांच्या बाबतीतही दुसऱ्या भाषेमुळे जास्त नुकसान झाल्याचं दिसलेलं नाही. दोन्ही भाषांतले शब्द मिळून मोजायचे. ‘पाणी’ मराठीत आणि ‘गाडी’ हिंदीत म्हटलं तरी ते दोन शब्दच. मुलाशी ज्याला जी भाषा मनापासून येते तीच बोलावी.

## बोलण्याआधीचं बोट

आम्ही सगळे शब्दांची वाट पाहत बसलो होतो. बघायला हवं होतं बोटाकडे.

साधारण वर्षाचं मूल दोन प्रकारे बोट दाखवायला लागतं. एक, ‘ते दे’. दुसरं, ‘ते बघ!’ आकाशात विमान गेलं की मूल विमानाकडे बोट करतं, मग तुमच्या तोंडाकडे बघतं, तुम्ही बघितलंत का याची खात्री करतं, आणि पुन्हा विमानाकडे. त्याला विमान नको असतं, तुमची सोबत हवी असते. बोलण्याचा पाया हाच आहे, कारण दुसऱ्याच्या मनात आपल्यासारखंच काहीतरी चालतं हे कळल्याशिवाय बोलायचं कुणाशी? माझ्या भाच्याचं पहिलं बोटही नव्हतं. बिस्किट हवं असलं की तो आईचं मनगट धरून डब्यापर्यंत ओढत न्यायचा, तिच्या तोंडाकडे न बघता. आम्हाला ती हुशारी वाटायची.

डॉक्टर ज्या खुणा पाहतात त्या अशा. वर्षाचं झालं तरी बा-बा, दा-दा नाही, टाटा नाही, बोट नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. दोन वर्षांपर्यंत ‘आई ये’, ‘पाणी दे’ असे स्वतःहून जोडलेले दोन शब्द नाहीत. दीड वर्षापर्यंत चालत नाही. नावाने हाक मारल्यावर वळत नाही. आणि कुठल्याही वयात आलेले शब्द किंवा हावभाव गेले, तर त्याच आठवड्यात दाखवायचं, पुढच्या लसीच्या तारखेपर्यंत थांबायचं नाही.

## आधी चाळायचं, मग निवडायचं

तांदूळ चाळणं आणि निवडणं ही दोन कामं आहेत. चाळणीतून कचरा अंदाजाने वेगळा होतो, त्यात चार चांगले दाणेही जातात. मग सुपात घेऊन एकेक खडा बघायचा. विकासाच्या तपासणीतही आधी चाळणी येते, तिला स्क्रीनिंग म्हणतात. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची वीस प्रश्नांची यादी आहे, आईवडिलांनी हो-नाही सांगायचं. चाळणीत मूल अडकलं म्हणजे निदान झालं असं नाही. निदान तज्ज्ञ करतात, मुलाशी खेळून, निरीक्षण करून, वेळ घेऊन. रक्ताच्या एका चाचणीत किंवा एमआरआयमध्ये ऑटिझम ‘दिसत’ नाही.

एक तपासणी मात्र सगळ्यात आधी, आणि ती कानाची. ढोलाला कान दाबले म्हणून ऐकू येतं, असं आम्ही परस्पर ठरवून टाकलं होतं. चूक. ढोल ऐकू येणाऱ्या मुलालाही ‘स’ आणि ‘फ’ सारखे बारीक आवाज येत नसतील. बोलत नसलेल्या प्रत्येक मुलाची श्रवणचाचणी व्हायला हवी. बेरा नावाच्या चाचणीत मूल झोपलेलं असताना डोक्याला तारा लावून, आवाजाला मेंदू साथ देतो का ते बघतात. भाच्याचा बेरा नीट आला, पण तो करायला आम्हाला आणखी तीन आठवडे लागले. तो दर वेळी तारा लावताना जागा व्हायचा.

## ‘पण उशिरा बोलणारी मुलं पुढे बोलतातच ना?’

बरीच बोलतात, हे खरं आहे. मुलगे मुलींपेक्षा सरासरीने थोडे उशिरा बोलतात हेही खरं. घोळ असा, की कोणतं मूल आपोआप बोलेल आणि कोणतं नाही हे दोन वर्षांच्या वयात कुणालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. ज्यांचे बाप उशिरा बोलले ते किस्से घरोघरी सांगतात. जे बोललेच नाहीत त्यांचे किस्से जेवणाच्या ताटावर कुणी काढत नाही.

मग दोन चुकांची तुलना करा. मदतीची गरज नव्हती आणि तरी सुरू केली, तर काय झालं? आई-बाबा मुलाशी सहा महिने जरा जास्त खेळले. गरज होती आणि थांबलो, तर ज्या काळात वाटा पडतात तो काळ गेला. निदानाच्या कागदाची वाट बघावी लागत असेल तर बघा. मदतीने त्या कागदासाठी थांबायचं कारण नाही. आमच्या डॉक्टरांवर माझा राग आहे तो एवढ्यासाठीच. ‘तीन वर्षांनी निदान करू’ म्हटलं असतं तर चाललं असतं, ‘तोवर हे हे करा’ एवढं पुढे जोडायला हवं होतं.

## ‘कुणाची चूक?’

बहुतेक घरांत हा प्रश्न आईकडे बघून विचारला जातो. तू नोकरी करतेस म्हणून, तू मोबाइल दिलास म्हणून. हा आरोप नवा नाही. १९५० आणि ६० च्या दशकांत पाश्चात्त्य तज्ज्ञही थंड, अलिप्त आयांमुळे ऑटिझम होतो असं म्हणत होते, आणि त्या बिचाऱ्यांचं आयुष्य अपराधी भावनेत गेलं. १९७७ मध्ये सुझन फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांनी २१ जुळ्या जोड्या तपासल्या. एकाच बीजाच्या अकरा जोड्यांपैकी चारांत दोन्ही मुलांना ऑटिझम होता, वेगळ्या बीजांच्या दहांपैकी एकाही जोडीत नाही. आई तीच, घर तेच. मग फरक कुठला? २०१९ मध्ये पाच देशांतल्या वीस लाखांहून जास्त मुलांच्या नोंदींवरून आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ८० टक्के निघाला. याचा अर्थ ‘मुलाचा ८० टक्के भाग बिघडलेला’ असा नाही. लोकांमध्ये जो फरक दिसतो त्यातला बराचसा जनुकांनी समजावता येतो, इतकाच. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरला की संत्रंच लागणार, पण ते गोड किती, मोठं किती, यात माती-पाण्याचाही हात असतो. फार लवकर जन्म, जन्मताना श्वास कोंडणं, आईला गरोदरपणात रुबेला होणं, ही तशी माती-पाण्याकडची कारणं.

रुबेला म्हटलं की लसीवर यावंच लागतं. १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड यांनी बारा मुलांवरून गोवर-गालगुंड-रुबेला लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवला. २०१० मध्ये तो लेख छापणाऱ्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने तो मागे घेतला, त्यांचा डॉक्टरकीचा परवानाही गेला. २०१९ मध्ये डेन्मार्कमधल्या ६,५७,४६१ मुलांचा अभ्यास आला, लस न घेतलेल्या मुलांपेक्षा घेतलेल्या मुलांत ऑटिझमचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. मग एवढ्या आयांना तसं का वाटतं? आपल्याकडे गोवर-रुबेलाचा दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांत असतो, आणि शब्द न येणं किंवा आलेले जाणं नेमकं त्याच वयात लक्षात येतं. एकाच वेळी आलेल्या दोन पाहुण्यांना आपण नातेवाईक समजतो. खरं तर रुबेलाची लस ऑटिझमचं एक ठाऊक असलेलं कारण टाळते.

पॅरासिटामॉलचं थोडक्यात. काही पाहण्यांत हलका संबंध दिसला होता. २०२४ मध्ये स्वीडनमधल्या सुमारे २५ लाख मुलांच्या नोंदी पाहताना संशोधकांनी सख्ख्या भावंडांची तुलना केली, एकाच्या वेळी आईने गोळी घेतली, दुसऱ्याच्या वेळी नाही. संबंध उरला नाही. गरोदरपणात ताप अंगावर काढणं हेच जास्त धोक्याचं, आणि गोळी डॉक्टरांना विचारून घ्यायची हे पूर्वीही होतंच.

राहिला मोबाइल. ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ म्हणून जे फिरतं ते कुठलंही अधिकृत निदान नाही. जे मूल माणसांत कमी रमतं त्याच्या हातात फोन लवकर जातो, हेही विसरू नका. तरीही फोन काढून घ्याच. फोन ऑटिझम देतो म्हणून नव्हे, तो टोलवाटोलवीचे तास खातो म्हणून. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं, दोन वर्षांखाली पडदा नकोच, नातेवाइकांचा एखादा व्हिडिओ कॉल सोडून. दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास.

## ‘आमच्या वेळी नव्हती अशी मुलं’

होती. वर्गात मागच्या बाकावर होती, ‘येडा’ म्हणून गल्लीत होती, काही घराच्या आतल्या खोलीत होती. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांचं वर्णन करून ऑटिझमला नाव दिलं. तेव्हापासून व्याख्या रुंदावत गेली, हलक्या खुणा असलेली, चांगली बोलणारी मुलंही आता तिच्यात येतात. अमेरिकेत २००० साली १५० मागे एक होतं ते ३१ मागे एक झालं, त्यातला मोठा वाटा व्याख्या, जागरूकता आणि तपासणी यांचा आहे. बीपीचं यंत्र घरात आलं की घरात बीपीचे रुग्ण वाढतात, तसं. सगळीच वाढ यानेच झाली असं मी म्हणणार नाही. कमी दिवसांची बाळं आता जगतात, आईवडिलांचं वय वाढलंय, त्याचाही थोडा भाग आहे.

## ‘पाच वर्षांनी दार बंद?’

नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण वरचं वाचून पाच-सहा वर्षांच्या मुलाची आई हबकली असेल. मेंदूचं वजन पाचव्या-सहाव्या वर्षी मोठ्यांच्या ९० टक्क्यांच्या आसपास जातं, पण वजन म्हणजे जोडणी नव्हे. मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. एमआयटीचे पवन सिन्हा यांनी ‘प्रोजेक्ट प्रकाश’मध्ये उत्तर भारतातल्या जन्मतः मोतीबिंदू असलेल्या मुलांवर शस्त्रक्रिया करवल्या, काहींवर आठ-दहा वर्षांच्या वयानंतर. मांजराच्या पिल्लांवरून ही मुलं कधी पाहू शकणार नाहीत असं वाटलं असतं. पण ती माणसं, वस्तू ओळखायला शिकली. नजर पूर्ण नाही, पण उपयोगी. उशिरा सुरुवात केली तर कष्ट जास्त, फळ थोडं कमी. शून्य नाही.

## गडचिरोलीहून पुढे

विदर्भाला बाळं जगवण्याच्या संशोधनाचा इतिहास आहे. नागपुरात डॉक्टरकी शिकलेल्या अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीच्या खेड्यांत गावच्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलं, की नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. आशाताई बाळंतिणीच्या घरी येते, तिच्या पायाखालची वाट तिथून निघाली आहे. नागपूरच्या लता मेडिकल रिसर्च फाउंडेशनने जगातल्या इतर केंद्रांबरोबर पहिलटकरणींवर केलेली चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. सुमारे बारा हजार बायका, रोज ८१ मिलिग्रॅम ॲस्पिरिन, आणि ३७ आठवड्यांआधी होणारे जन्म १३.१ टक्क्यांवरून ११.६ वर आले. (स्वतःच्या मनाने गोळी सुरू करू नये, हे सांगायलाच हवं.) आकडा छोटा दिसतो. पण लवकर जन्म हे विकासातल्या फरकांचं मोठं कारण आहे, म्हणून मला तो छोटा वाटत नाही.

बाळ जगलं, आता पुढे काय, हा खरा नवा प्रश्न. त्याचं एक जुनं उत्तर जमैकातलं आहे. १९८० च्या दशकात सॅली ग्रॅन्थम-मॅकग्रेगर यांनी किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतली १२९ खुरटलेली मुलं घेतली. काहींच्या घरी दोन वर्षं, आठवड्यातून एक तास, आरोग्यसेविका जायची. टाकाऊ वस्तूंची खेळणी घेऊन आईला मुलाशी कसं खेळायचं, बोलायचं ते दाखवायची. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई न खेळलेल्या गटापेक्षा २५ टक्के जास्त होती. ऑटिझमबाबत २०१६ मध्ये गोवा आणि रावळपिंडीत असंच काहीसं झालं. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांनी आईवडिलांसोबत बारा बैठका घेतल्या, तर आईवडिलांचा प्रतिसाद बदलला आणि मुलं स्वतःहून संवाद सुरू करू लागली. ऑटिझम गेला नाही. संवाद वाढला.

## मग नागपुरात करायचं काय

सरकारी वाट आहे, लोकांना माहीत नाही एवढंच. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात. शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांचं जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि विकासातला उशीर तपासतात, आणि पुढे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. पथक येईल त्या दिवशी मुलाला मुद्दाम अंगणवाडीत न्या आणि शंका तोंडाने सांगा, मूल त्या दहा मिनिटांत शांत बसून सगळ्यांना फसवू शकतं. मेडिकल, मेयो आणि मिहानचं एम्स ही सरकारी रुग्णालयं आहेतच. निदान झालं तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आणि अध्ययन अक्षमता दोन्ही आहेत. युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढायला लाजू नका. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाखापर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण मिळतं, त्यात थेरपीचा खर्चही येतो.

‘बरं कधी होईल?’ विचारणाऱ्याला स्टेम सेलच्या, म्हणजे मूळ पेशींच्या, उपचाराची जाहिरात हमखास भेटते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे, की रक्ताच्या काही आजारांसारखे ठरावीक उपयोग सोडले तर स्टेम सेल फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच वापरता येतात, आणि चाचणीत पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. कुणी लाखांत पॅकेज सांगत असेल तर उठून या.

काही ऑटिस्टिक मोठी माणसं विचारतात, आम्हाला बदलायचंच कशाला? प्रश्न रास्त आहे. मुलाला ‘डोळ्यांत बघ, डोळ्यांत बघ’ करत बसवणाऱ्या थेरपीवर माझाही विश्वास नाही. पण तहान लागली की डोकं आपटण्याऐवजी पाणी मागता यावं, शब्दाने नाही तर चित्राच्या कार्डाने, एवढं तर प्रत्येकाला हवं असतं. कार्ड दिलं तर मूल बोलायचा आळस करेल ही भीती खोटी ठरली आहे.

बहिणीला थेरपिस्टने पहिला गृहपाठ दिला तो अगदी साधा होता. बिस्किटांचा पारदर्शक डबा घट्ट झाकण लावून त्याच्या हातात द्यायचा आणि दहा अंक मोजेपर्यंत गप्प बसायचं. आपण उघडून द्यायचा नाही, ‘बोल, बोल’ही करायचं नाही. आजीला ते दहा अंक फार जड गेले. चौथ्याच अंकाला हात पुढे जायचा. पंधरवड्याने त्याने डबा आजीच्या मांडीवर ठेवला आणि वर पाहिलं.

पुढच्या तान्ह्या पोळ्याला तो तीन वर्षं दोन महिन्यांचा. सहा-सात शब्द होते, त्यातला एक ‘चा’, म्हणजे चाक. मारबतीच्या वेळी बहिणीने त्याला मागच्या खोलीत नेलं, कानांवर जाड हेडफोन चढवले. संध्याकाळी नंदी त्याने या वेळीही उलटाच केला. चाक फिरवलं, माझ्याकडे बघितलं, “चा” म्हणाला, आणि ते थांबेपर्यंत मी पाहते आहे ना हे बघत राहिला.